तळ्याच्या बैठकीत आई

आमचं गाव भातकुलीजवळ, खारपाणपट्ट्यातलं. विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, इतकं ते खारट. नळ येईपर्यंत सगळं गाव शिवेवरच्या तळ्याचं पाणी प्यायचं. नळ आला आणि तळ्यात कचरा पडू लागला. मी अमरावतीला जलसंधारणाच्या कार्यालयात नोकरीला. तळं पुन्हा जिवंत करायला गावाला तयार करण्याचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा वाटलं, आपलंच गाव आहे, सोपं जाईल.

पहिल्या बैठकीत मी पडद्यावर नकाशे दाखवले. बाया अर्ध्यातून उठून गेल्या. घरी आले तर शेजारची काकू आमच्या फळीवरचा पाणी भरायचा पितळी गुंड मांडीवर घेऊन आईशी बोलत होती. तळ्यावर कोण घसरून पडलं, कोणाची सोयरीक तिथं जुळली. चहा निवला तरी बोलणं सरेना. मी पुढच्या बैठकीचा निरोप बदलला. तळ्याची आठवण असलेली एक वस्तू घरून आणा, म्हटलं.

या वेळी शाळेची ओसरी भरली. कोणी पाणी गाळायचं फडकं आणलं, कोणी मासे धरायचा गळ. पाटलांच्या घरच्या आजी सुनेच्या हाती घागर देऊन आल्या. प्रत्येकाला काहीतरी सांगायचं होतं.

मग आई उठली. आमच्या बौद्ध वस्तीतल्या बायांसोबत ती नेहमी मागे बसायची. चारचौघांत तिला बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. तिच्या हातात जुन्या लुगड्याची चुंबळ होती, घागरीखाली डोक्यावर ठेवायची.

"माह्या सासूची हाय," ती म्हणाली. "तिले तळ्यात उतरू देत नोयते. काठावर बसून राहे. कोणी वरून ओतलं तं घागर भरे, नाही तं रिकामी घरी."

पाटलांच्या आजी खाली पाहत म्हणाल्या, "माही सासू ओते. मनात आलं तं ओते. म्या पाह्यलं हाय."

आईचा आवाज चढला नाही. "आता तं कोणीच उतरत नाही. तुमीबी नाही, आमीबी नाही. कचऱ्यानं भरून राह्यलं. मले त्याचा आनंद नाही, बाई. मले त्या तळ्यात उतराचं हाय."

मग आजीच म्हणाल्या, "तं साफ करू. माह्या घरचा ट्रॅक्टर घ्या."

त्या उन्हाळ्यात दोन्ही वस्त्यांनी मिळून गाळ काढला. कुरकूर झाली, एकदा भांडणही झालं, पण काम थांबलं नाही. पावसाळ्यानंतर तळं भरलं तेव्हा आई पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात उभी राहिली. लुगडं भिजलं तरी बराच वेळ वर आली नाही. मी काठावरून पाहत होते. इतका अभिमान मला माझ्या नोकरीच्या ऑर्डरीचाही वाटला नव्हता.

आता शेजारची गावं बैठकीला आईला बोलावतात. गेल्या आठवड्यात साहेबांनी विचारलं, "त्या बोलणाऱ्या बाई कोण?"

"माझी आई," मी म्हटलं. जरा मोठ्यानंच.