येळवशीचा भीम आणि माझा हातोडा

गुडघ्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, तेव्हा घरच्यांना खर्च आठवला आणि मला जीवाश्म. अमुक एक असा नाही, कुठलाही. शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. दर वर्षी फळ्यावर शंख काढून "हा बघा, लाखो वर्षांपूर्वीचा जीव, आता दगड झालेला" असं छाती पुढे काढून सांगितलं. पण असा दगड झालेला जीव स्वतःच्या हाताने एकदाही उचलला नाही. ऑपरेशननंतर दगडधोंड्यांत फिरणं कायमचं बंद, असं डॉक्टर म्हणाले. मधे एकच रविवार उरला होता. जे काय उचलायचं ते त्या रविवारी.

सोलापूरचा मुलूख काळ्या दगडाचा, त्यात असलं काही मिळायची आशा नाही. पण अक्कलकोटच्या बाजूला नदीकडे उतरणाऱ्या रानात चुनखडी आहे, आणि नदीच्या जुन्या गाळात कधीकधी जनावरांची दगड झालेली हाडं निघतात, असं मी वाचलं होतं. माझ्याबरोबरच निवृत्त झालेला आमच्या शाळेचा क्लार्क मला स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेला. त्याला जीवाश्मात काडीचा रस नव्हता. "घरी बसलो तर बायको माळा साफ करायला लावती," एवढंच त्याचं कारण.

चुनखडीच्या रानात प्रत्येक खडा हाडासारखा दिसतो. तासाभरात माझ्या पिशवीत तीन बोटं, दीड बरगडी आणि एक मणका जमला.

"अख्खा माणूस झाला की मास्तर," क्लार्क म्हणाला. "आता मुंडकं तेवढं बघ, म्हणजे सुटलो."

जुनं हाड जिभेला चिकटतं, अशी एक खूण मी वाचली होती. बांधावर बसून एकेक खडा जिभेला लावला. सगळे चिकटले. चुनखडीही जिभेला चिकटते, हे पुस्तकात नव्हतं.

"काय चाटायलाय बे मास्तर? शुगर हाय तुला, विसरू नको."

पिशवी तिथेच उलटी केली. दुपार झाली होती, गुडघे ठणकत होते आणि तोंडात रानातली सगळी माती आली होती. परत फिरू म्हणणार, तेवढ्यात ज्वारीच्या कडेला तो दिसला. कलिंगडाएवढा, पांढराशुभ्र, एका बाजूला लालसर छटा असलेला. आजूबाजूला तसा दुसरा एकही नव्हता. मी लंगडत धावलो, म्हणजे धावल्यासारखं लंगडलो. हातोडा काढला आणि ठोकला. टवका उडाला. आत काळाकुट्ट दगड.

शहाण्या माणसाने इथे थांबावं. मी क्लार्कला व्याख्यान सुरू केलं. काळ्या खडकावर चुनखडीचा इतका पातळ, इतका सारखा थर म्हणजे केवढी अपूर्व गोष्ट, आणि ही लाली म्हणजे लोहाची असणार, वगैरे.

"ओ चष्मेवाले!" ज्वारीतून आवाज आला. पाठोपाठ डोईला टॉवेल गुंडाळलेली, साठीची एक बाई विळा घेऊन बाहेर आली. शेत तिचंच होतं. "आमचा द्येव कशाला फोडायलाव वो?"

"देव?"

"त्यो भीम हाय. येळवशीला मी सोता चुना लावलाव, काव लावलाव."

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, होऊन चार दिवस झाले होते. शेतात कडब्याची खोप करायची, तिच्यात पाच धोंडे चुन्याने आणि कावेने, म्हणजे लाल मातीने, रंगवून पांडव म्हणून पुजायचे, ही आमच्या भागातली रीत. मी परका असतो तर गोष्ट वेगळी. पण मी दर वर्षी कुणाच्या तरी शेतात बसून शेंगाभाज्यांची भज्जी आणि ताकाची आंबील पोटाला तडस लागेपर्यंत हाणत आलोय. खोपीत पाठीमागे काय मांडलंय, तिकडे मान वळवायला सवड झाली नव्हती. इथली खोप मोडून कडबा गुरांना गेला होता, चार पांडव पलीकडे ओळीत होते, आणि कुत्र्यांच्या झटापटीत भीम घरंगळून माझ्या वाट्याला आला होता.

"मावशी, चुकलं," मी म्हणालो.

"नाक उडवलाव की त्येचं. उचला आता. ठिवा जाग्यावर."

मी भीमाला पोटाशी धरून नेलं. वाकता येईना, तेव्हा क्लार्कने मला कमरेला धरलं आणि आम्ही दोघांनी मिळून देव खाली ठेवला. बाईंनी विचारलं, शोधताय तरी काय? मी सांगितलं, दगड झालेली हाडं.

"तसली व्हय? हीर खांदताना निगाली व्हती की. सासऱ्याच्या वक्ताला. ह्ये एवडा दात." त्यांनी अख्खा पंजा पसरला.

मी रिकामी पिशवी पुन्हा उघडली. "कुठाय तो?"

"आता कुटं? चुनखडीसंगं भट्टीत गेला. लई झ्याक चुना पडला म्हणायचे." मग माझा चेहरा बघून त्यांना दया आली असावी. "वड्याच्या दरडीला बगा. तितं आजून हाय म्हणत्यात कायबाय."

ओढ्यापर्यंतची वाट मी कशी चाललो ते माझ्या गुडघ्यांनाच ठाऊक. दरड दोन पुरुष खोल. मधल्या थरात, गोट्यांच्या वर, हातभर लांबीचं काहीतरी वाकडं, पिवळसर पांढरं बाहेर आलं होतं. मी काठावर बसून पाय खाली सोडले. उजवा गुडघा जागच्या जागी अडकला. उतरलो असतो तर वर यायचा प्रश्नच नव्हता.

"थांब, मी काढतो," म्हणत क्लार्क घसरत खाली गेलासुद्धा. त्या पांढऱ्याला हात लावून त्याने वर बघितलं. "उपटू का?"

"काय आहे?"

"मला काय विचारायलास बे? एकतीस वर्षं तू शिकवलास."

त्याने उपटलं असतं तर दोनच गोष्टी होत्या. खडा निघाला असता तर रविवार संपला असता. हाड निघालं असतं तर ते क्लार्कला सापडलं असतं, आणि तो ते मरेपर्यंत सांगत फिरला असता. खोटं कशाला बोलू, दुसऱ्या गोष्टीची भीती जास्त होती. आणि दमलो तर इतका होतो, की कुठलंही उत्तर आलं असतं तरी ते घरापर्यंत वाहून न्यायची ताकद नव्हती.

"राहू दे," मी म्हणालो. "वर ये."

वर येताना त्याचा पाय सटकत होता. मी हात दिला, ओढला, आणि माझ्या गुडघ्यात असा काही कडकन आवाज झाला की अर्ध्यावर लोंबकळत त्याने विचारलं, "निघालं काय हाड?"

ऑपरेशन झालं. आता मी कॉलनीतल्या डांबरी रस्त्यावर फिरतो. कुणी जीवाश्माचा विषय काढला, तर ओढ्यात एक बघितलाय असं सांगतो. पुढचं विचारायच्या आत गुडघा चोळायला लागतो, मग लोक गुडघ्याचं विचारतात.