औषधाचे वाटे

आमच्या घरात कॉलेजची पायरी माझ्याआधी कुणी चढलं नव्हतं. भातशेती होती ती नव्या शहरासाठी सरकारने घेतली. बाबा कळंबोलीच्या लोखंड बाजारात माल चढवायचे-उतरवायचे आणि आई पनवेलच्या बाजारात मासळी विकायची. आईच्या मासळीच्या पाटीवर माझी पदवी झाली, हे मी आजही मान वर करून सांगते.

मी सार्वजनिक आरोग्याच्या कोर्सला गेले आणि इकडे आई खोकायला लागली. "बर्फात हात असतात, व्हनारच," म्हणत तिने पावसाळा काढला. संध्याकाळी अंग तापायचं. चोळ्या सैल होत गेल्या.

पनवेलच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "स्पुटम पॉझिटिव्ह आहे." म्हणजे थुंकीत क्षयाचे जंतू सापडले. आईने एवढंच विचारलं, "बाजारात बसता येईल ना?"

"आधी औषध. काही आठवडे घरी राहा. कोर्स पुरा केलात तर ठणठणीत व्हाल."

नेमकी माझी प्लेसमेंट त्याच दवाखान्यात लागली. प्लेसमेंट म्हणजे पुस्तक मिटून प्रत्यक्ष कामावर जाणं. आमच्या कोर्सच्या मॅडम मला घेऊन क्षयाच्या पेशंटच्या घरोघरी जायच्या. दारात उभी राहून मी पाठ केलेला प्रश्न विचारायची, "औषध रोज घेता ना?" सगळे हो म्हणायचे. मॅडम नुसत्या हसायच्या.

दोन महिन्यांनी आईची थुंकी पुन्हा तपासली. पुन्हा पॉझिटिव्ह. खोकला कमी झाला होता, पण वजन तिथेच अडलं होतं.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "अर्धवट औषधाने जंतू मरत नाहीत, औषधाला सरावतात. त्याला रेझिस्टन्स म्हणतात. मग हेच औषध चालेनासं होतं. बाई, खरं सांगा, गोळ्या चुकवता का?"

"देवीची शप्पत, एक दिवस चुकवला नाय," आई म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. माझी आई खोटी शपथ घेत नाही. मग जंतू मरत का नाहीत? बाहेर बाकावर मी तिच्याशेजारी जाऊन बसले.

मॅडमनी मला बाजूला घेतलं. "घेता का, असं विचारलं की माणूस हो म्हणतो. कसं घेता ते दाखवा, असं म्हणून बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हटलं, "आई, औषध कसं घेतेस ते मला दाखव."

"मोठी शिकलीस. आता आयशीची परीक्षा घेतेस काय?" असं म्हणत तिने फडक्यावर गोळ्या मांडल्या. मग मासळीचे वाटे घालतात तसे, नीट बघून, दोन वाटे केले. पांढऱ्या गोळ्या अर्ध्या-अर्ध्या. लाल कॅप्सूल उचलून एका वाट्यावर ठेवली. "ही तोडता येत नाय. एक दिस माझी, एक दिस तिची."

"तिची म्हणजे कुणाची?"

पलीकडच्या घरातून खोकल्याची उबळ ऐकू आली. सुंदराकाकी. आईच्या शेजारी बाजारात बसणारी, माझ्या जन्मापासूनची शेजारीण. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. दवाखान्यात कुणी बघितलं तर सोयरीक मोडेल, म्हणून ती खोकला पदराआड दाबत होती.

"मी बरी व्हतेय आनि ती भिंतीपलीकडं खोकतेय," आई म्हणाली. "मला एकटीला घशाखाली उतरंल काय ते?"

आमच्याकडे जाळ्यात मासा गावला की वाटे पडतात. एकटं कुणी खात नाही. तिने औषधालाही तोच न्याय लावला होता. मी रागवायला तोंड उघडलं आणि नुसती तिचा हात धरून बसले.

मग मी दोघींना समजावलं, की हा वाटा दोघींनाही जगवणार नाही. काकी घाबरली, पण जिभेने हार मानली नाही. "तुझी आई गिऱ्हाइकाला वाटा घालताना येवढी इमानदार नसते, बाय. मलाच बरा इमानदारीनं घातलान."

बाजाराच्या दिवशी काकीने डोक्यावर रिकामी पाटी घेतली आणि आम्ही तिघी दवाखान्यात गेलो. गावाला वाटलं, बाजारालाच चालल्या. तिची थुंकीही पॉझिटिव्ह निघाली. डॉक्टरांनी सगळं ऐकलं, चष्मा काढून पुसला आणि काकीला तिच्या नावाचं औषध सुरू केलं. आईचं पुन्हा पहिल्यापासून. "जंतू सरावले नसतील अशी आशा करू," ते म्हणाले.

पुढचे महिने आम्ही आशेवरच काढले. रोज सकाळी दोघी आमच्या घरामागच्या ओट्यावर बसून एकमेकींसमोर गोळ्या गिळायच्या. लघवी लाल झाली की घाबरू नका, ते औषध आहे, रक्त नाही, हे काकी आता दवाखान्यातल्या नव्या पेशंटना सांगायची.

तुमच्या घरी हा आजार आला तर माणसाला लपवू नका. घेतलं का, असं दरडावून विचारू नका. जवळ बसा आणि म्हणा, दाखव.

आईची थुंकी निगेटिव्ह आली. नंतर काकीचीही. काकीच्या मुलीचं लग्न ठरल्या घरीच झालं. मी कोर्स पास झाले आणि आरोग्य खात्यात लागले. आई आणि सुंदराकाकी पुन्हा बाजारात शेजारी-शेजारी बसल्या. दोघींनीही आपापलं औषध पुरं केलं होतं.