धुक्यापुढचे मोजे

धुकं पडलं की आनंदाने गाडी कडेला घेणारा माणूस साऱ्या मॅसॅच्युसेट्समध्ये एकच होता, आणि तो माझ्या नशिबी आला. गावच्या शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर असा मी २००३ साली नोकरीसाठी श्रूजबरीला आलो, तेव्हा या काकांनी ओळखीच्या ओळखीवर मला दीड महिना घरी ठेवून घेतलं, गाडी शिकवली, स्वतःचा जाड कोट दिला. बदल्यात मागितलं एवढंच, की महिन्यातल्या एका शनिवारी त्यांच्याबरोबर संग्रहालयात यायचं. तिथे एकोणिसाव्या शतकातल्या एका जर्मन चित्रकाराचं निसर्गचित्र होतं: धुक्याने भरलेली दरी, वर फिकट चंद्र आणि आपल्याकडे पाठ करून उभी असलेली दोन माणसं. बाकीची दालनं काका नको असलेल्या स्टॉपसारखी मागे टाकत. या चित्रापुढे मात्र बूट काढून, जोडीने बाजूला ठेवून, पाऊण तास मोज्यांवर उभे राहत. "एवढं शांत काही समोर असताना बूट कसले घालतोस?" असं मलाही सुनावत. मी लेस सुटत नसल्याचं सोंग करी. रखवालदाराने तर त्यांना टोकणंच सोडलं होतं. चित्रातली माणसं कोण, असं विचारलं तर काका म्हणत, "डावीकडचा मी. उजवीकडचा, ज्याला बरोबर आणलंय तो."

एका शनिवारी तिथे माझा मॅनेजर बायकोबरोबर आला. काकांच्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. ती दोघं तिकडे बघून हसली. "तुझ्याबरोबर आहेत का हे?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "नाही. ओळखत नाही." म्हणालो इंग्रजीत, पण काकांचं इंग्रजी माझ्याहून चांगलं होतं. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. सावकाश बूट घातले आणि पुढच्या दालनात गेले.

पार्किंगमध्ये माझ्या बाजूचं दार उघडून म्हणाले, "बस, हीटर लावलाय." घरी काकूंनी विचारलं, "कुणी भेटलं का रे?" काकाच म्हणाले, "नाही. ओळखीचं कुणी नव्हतं."

पुढच्या महिन्यातही त्यांनी मला नेलं. चित्रापुढे उभे राहिले, पण बूट काढले नाहीत, आणि दहा मिनिटांत "चल" म्हणाले. त्यानंतर कधीच काढले नाहीत. मी माफी मागायची ठरवत राहिलो, आणि तेवढ्यात ते मुलीकडे दूर फ्रिस्को गावी राहायला गेले.

मी अजून तिथे एकटा जातो. बूट काढायचं धाडस होत नाही. वाकून लेस तेवढी सोडतो, आणि उजवीकडच्या माणसाकडे बघायचं टाळतो.