सगळ्यात हळू चालणारी पुढे

माझी आत्या डूख धरते. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. कॉलेजात असताना माझ्या बाबांनी तिची सायकल न विचारता नेली आणि चाक वाकडं करून आणली, म्हणून ती आजही त्यांना चहा देते तो अर्धा कप. बाबा निमूट पितात. आता त्यांना पूर्ण कप झेपायचाही नाही.

दुकानात मात्र तिच्याइतकी शांत बाई शोधून सापडणार नाही. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून ती काचा घासते, फ्रेममध्ये बसवते, सैल झालेल्या दांड्या पिळते. खोलीला खिडकी नाही. एक दिवा, एक मशीन आणि पांढरी भुकटी, जी तिच्या भुवयांवरसुद्धा बसलेली असते. वर्षानुवर्षं अशी बसून कंबर धरली तेव्हा डॉक्टर म्हणाले, चालत जा. हे कळल्याबरोबर शेजारच्या बेकरीवालीने तिला आपल्या डोंगर चढणाऱ्या टोळीत ओढलं. मीही गेले, कारण आत्याला एकटीला कुठे सोडलं की ती भांडण घेऊन घरी येते.

टोळीची म्होरकी कप्तान. ती शाळेत मुलींना कवायत शिकवते आणि सुट्टीच्या दिवशीही गळ्यात शिट्टी घालते. तिचा एक नियम होता: सगळ्यात हळू चालणारी पुढे, सगळ्यात दमदार शेवटी. म्हणजे मागे कुणी सुटत नाही. नियम चांगला आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण त्यामुळे पुढे उभं राहणं म्हणजे चारचौघांत आपली लायकी निघणं, आणि शेवटची जागा म्हणजे सिंहासन. तिथे अर्थातच कप्तान. तिथून ती ओरडायची, "पाय उचल गं, मुळं फुटतील!" हे ऐकायला पुढे असायची ती आत्याच.

उन्हाळा नुकता लागला होता. एका रविवारी मी तापाने फणफणले होते, म्हणून आत्या माझ्याशिवाय गेली. शेवटच्या चढाखाली कप्तानने शिट्टी मारून सगळ्यांना थांबवलं. आत्याला म्हणाली, "तू इथेच बस. पिशव्या सांभाळ. तुझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतो." बेकरीवाली हसली. हे तिनेच मला नंतर सांगितलं, तेही हसतच. टोळी वर गेली आणि आत्या तापलेल्या खडकावर लोकांच्या पिशव्यांमध्ये बसून राहिली. खाली आल्यावर कप्तानने तिची पाठ थोपटली. "शाब्बास! एकही पिशवी हरवली नाही!" पुन्हा हशा.

मी तिथे असते तर ती शिट्टी कप्तानला गिळायला लावली असती. आत्या मात्र घरी आली, पाय धुतले, माझ्या कपाळाला हात लावून बघितला आणि म्हणाली, "तिला मी अशाच जागी बसवीन."

"कुणाला?"

"पिशव्यांसकट."

ऐकूनच मला बरं वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवसापासून दुकान उघडण्याआधी आत्या आमच्या इमारतीचा जिना चढू-उतरू लागली. पाठीवरच्या पिशवीत दुकानातल्या टाकाऊ काचांचे डबे. प्रत्येक पायरीवर ते खडखडायचे. तळमजल्यावरच्या काकूंनी वैतागून दार उघडलं. "काय हरवलंय का तुमचं?"

"हो," म्हणाली आत्या आणि वर गेली.

दुकानात मशीनपाशी ती एका पायावर उभी राहून काम करू लागली. मालकाने कारण विचारलं तर म्हणे, कमरेचा व्यायाम. कमरेचा कसला? कप्तानचा! रविवारमागून रविवार गेले आणि आत्या रांगेत मागे मागे सरकू लागली. आधी बेकरीवालीला पुढे धाडलं. मग एकदा कप्तानने माझ्याकडे बोट दाखवलं आणि सगळ्यांच्या पुढे मी आले. आत्याला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

आता आत्या कप्तानच्या अगदी पुढे चालायची, आणि तिथेच तिला ते दिसलं. शेवटी चालणाऱ्याकडे कुणी बघत नाही. सगळ्यांची तोंडं पुढे. एका उतारावर आत्या बुटाची नाडी बांधायला वाकली आणि तिने सहज मागे बघितलं. कप्तान गवताला धरून आडवी आडवी उतरत होती, उजवा पाय ओढत. गुडघा पार गेला होता. आत्याला बघताच ती ताठ झाली आणि तिने जोरात शिट्टी मारली.

त्या संध्याकाळी आत्या चक्क गुणगुणत होती. मी म्हटलं, "मग आता सांगून टाक सगळ्यांना."

"या टेकडीवर? वेडी आहेस का?" ती म्हणाली. "मोठा डोंगर यायचाय अजून."

तोवर तिने कप्तानला सुखाने चालू दिलं असेल असं समजू नका. दर वेळी ती लाडीगोडीने लांबची वाट सुचवायची. "पलीकडून जाऊ या ना, तिकडे सावली आहे." कप्तानला नाही म्हणता येईना. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागणार.

उन्हाळ्याच्या शेवटी मोठा डोंगर आला. शेवटचा चढ सुरू व्हायच्या आधी आत्या थांबली. "कप्तान, आपला नियम काय आहे गं?"

"सगळ्यात हळू चालणारी पुढे. का?"

"मग हो पुढे."

कप्तानच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तिने आधी आत्याकडे बघितलं, मग आमच्याकडे. नियम तिचाच. ती पुढे झाली. आता आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तो पाय होता. "अगं बाई, तुझा गुडघा!" बेकरीवाली ओरडली. एका सपाट खडकापाशी कप्तानचा दम संपला. आत्याने तेच शब्द जसेच्या तसे परत केले. "तू इथेच बस. पिशव्या सांभाळ. तुझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतो."

कप्तान खाली बसली. आम्ही वर गेलो. वरून ती एवढीशी दिसत होती आणि मला फार आनंद झाला. खोटं कशाला बोलू? आत्या तर हात कमरेवर ठेवून कितीतरी वेळ खालीच बघत होती. तिने समोरची दरी बघितलीच नाही.

खाली आलो तर कप्तान बूट काढून, आमच्या पिशव्यांवर पाय पसरून बसलेली. बेकरीवालीने आणलेला पाव निम्मा फस्त. चेहरा फुललेला. तिने आत्याचा हात घट्ट धरला.

"देवासारखी धावून आलीस गं! किती दिवस वाट बघत होते, कुणीतरी बस म्हणेल म्हणून. मी कप्तान, मी कशी म्हणणार?"

आत्याचा हात तिच्या हातात तसाच लाकडासारखा राहिला. उन्हाळाभर जिने चढून कमावलेला सूड कप्तानने उपकार म्हणून घेतला होता. "आणि मला बसवलंस तेव्हा?" आत्याने विचारलं. "तेव्हा मीही अशीच खूश झाले असेन, असं वाटलं तुला?"

"तुला? कधी बसवलं?"

नाटक नव्हतं ते. ती खरोखर आठवू बघत होती. तिला आठवतच नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, मग आत्याचं काय झालं असेल?

उतरताना नियमाप्रमाणे कप्तान पुढे, नियम मोडून तिच्या मागोमाग आत्या, मग आम्ही. आत्याने सांगायला सुरुवात केली. खडक किती तापला होता. कुणाची पिशवी कुठे होती. पाणी कुणाच्या पिशवीत होतं आणि तहान लागूनही तिने ते का घेतलं नाही. वरून हसण्याचे आवाज कसे येत होते. पाठ थोपटली ती नेमकी कुठे. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. काच घासावी तसं एकेक, पुन्हा पुन्हा. वाट अरुंद होती. कप्तानला पळता येत नव्हतं, गुडघ्यामुळे वळताही येत नव्हतं. ऐकण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं.

अर्ध्या वाटेवर तिचे खांदे हलायला लागले. ती थांबली, बाहीने नाक पुसलं. "चुकलं गं माझं. खरंच चुकलं."

"जाऊ दे ना आता," बेकरीवाली मागून म्हणाली.

"तुझं नंतर आहे," आत्या तिला म्हणाली. मग तिने कप्तानच्या पाठीला हलकेच बोट लावलं.

"थांबू नकोस, चाल. माझं अजून निम्मंही झालेलं नाही."