पाटलीवरची हिरवी तिरीप

नांदेडला पीएचडी करताना आम्ही दोघी एकाच अंधाऱ्या खोलीत काम करायचो. मी कंधारची सून, ती भोकरची लेक. माझ्या लग्नाला दोन महिने झाले होते आणि सासूबाईंनी बजावलं होतं, वर्षभर सोन्याच्या पाटल्या हातातून काढायच्या न्हाईत. प्रयोगशाळेचा नियम उलटा: लेझरजवळ अंगावर चकाकतं काही नको. मी घड्याळ काढायचे, अंगठी काढायचे आणि पाटल्यांवर ओढणी गुंडाळायचे. कुणाकुणाचं ऐकावं माणसानं!

काम मात्र देखणं होतं. दोन काचांच्या मधे नेमॅटिक द्रव स्फटिकाचा पातळ थर. त्यातले लांबुळके रेणू वाऱ्यानं कललेल्या ज्वारीसारखे सगळे एका दिशेला. नुसत्या लेझरला ते सहजी दाद देत न्हाईत. पण त्यात कणभर रंग मिसळला, की तो रंग हिरवा उजेड पितो आणि शेजारच्या रेणूंना वळवतो. रेणू वळले की त्यांच्यातून जाणारा उजेडही वाकतो, आणि समोरच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर एकात एक हिरवी कडी उमटतात. आम्ही ती मोजायचो. पुसटातलं पुसट कडंही तिला दिसायचं. मला दोनदा डोळे चोळावे लागायचे.

गॉगल घातला की हिरवं काहीच दिसत न्हाई, म्हणून काच जुळवताना तो कपाळावर चढवायची आमची वाईट खोड. निदान लेझर तरी मंद करायचा असतो. त्या दिवशी मीच म्हणाले, राहू दे, दोन मिनिटांचं काम आहे. ती माझ्या शेजारी वाकून पुठ्ठ्याकडे बघून राहिली होती. मी काच सरकवायला हात घातला आणि ओढणी सुटली. पाटलीवर हिरवी तिरीप चमकली. ती डोळ्यावर हात ठेवून खाली बसली.

लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या डोळ्याचा पडदा मधोमध भाजलाय, भरून येणार नाही. आमच्या गाईड सरांनी झाला प्रकार लिहून मागितला. तिनं लिहिलं, गॉगल न घालता मीच किरणात वाकले. मी तिथंच उभी होते. वाटलं, कशानं झालं ते हिला कळलेलंच न्हाई. खरं बोलले असते तर खोली सुटली असती, पदवी गेली असती. लाज वाटते सांगायला, पण त्या घडीला मला तिच्या डोळ्याआधी माझी पदवी दिसली. मी गप्प बसले. पुढं कडी मोजायचं तिनं सोडलं. मी पाटल्या काढून टाकल्या आणि टोचतात म्हणून घरी सांगितलं.

माझ्या तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, लेझर बंद केल्यावर रेणूंचं काय होतं? मी म्हणाले, परत जागेवर येतात. पूर्ण येतात का? हो सर, पूर्ण. दुसऱ्या रांगेत ती बसली होती, मान जराशी वाकडी करून माझ्याकडे बघत.

बाहेर सासूबाई पेढे वाटत होत्या. तिनं माझा हात हातात घेतला आणि मनगट चाचपलं.

"पाटल्या घाल की आता."

"टोचतात गं."

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "या डोळ्याला नीट दिसलेलं शेवटचं तेच हाय. तुझी पाटली."