शेपूट नसलेली वागळी

मंडळी, आज आमच्या काकीने पुण्याहून आलेल्या संशोधकांना गप्प केलं.

ते आमच्या सड्याच्या उघड्या माळावर कातळात कोरलेली जुनी चित्रं मोजत होते. त्यातल्या वागळीला, म्हणजे त्या चपट्या माशाला, शेपूट नव्हतं. "कोरणाऱ्याने काम अर्धवट सोडलंय," ते म्हणाले.

काकी जन्मभर मासे विकते. ती म्हणाली, "अर्धवट नाय, बाबानू. शेपटीत इखारी काटो आसता. घरात कापणारीच्या हाताक लागात म्हणान पुरुष शेपटी होडयेतच तोडतत. ह्या कोरणाऱ्याच्या घराकय कापणारी आसतली."

संशोधकांनी वहीतलं 'अर्धवट' खोडलं.

काकाला जाऊन चार वर्षं झाली. त्याने आणलेल्या सगळ्या वागळ्या काकीनेच कापल्या. येताना मी तिचे हात नीट बघितले. काट्याचा एकही व्रण नाही.