कुलपाला दिलेलं आवतण

आमच्या थोरल्या काकांसारखं आवतण देणारा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात दुसरा नाही, आणि असलाच तर त्यानं पुढं येऊन दाखवावं. त्यांचं आवतण नेहमी चूलबंद. म्हणजे त्या दिवशी पाहुण्यारावळ्यांसकट सगळ्या घरानं काकांकडं जेवायचं, घरी चूल पेटवायची नाही. नियम पाळला जातोय का, हे बघायला काका सकाळीच माळवदावर चढतात. एकदा एका म्हातारीच्या घरातून धूर दिसला, तर हे गृहस्थ जाऊन तिच्या चुलीवर पाणी ओतून आले. ती बिचारी आंघोळीचं पाणी तापवत होती. मग काकांनी आपल्या घरून कढत पाण्याची बादली स्वतः उचलून नेली आणि तिला पुन्हा एकदा आवतण दिलं.

डोंगरकड्याच्या पलीकडचं आमचं गाव आता निम्मं कुलपांचं आहे. विहिरी आटल्या, हळदीचा भाव पडला, तसं कुणी पुण्याला कंपनीत गेलं, कुणी हैदराबादला बांधकामावर, कुणी माझ्यासारखं नांदेडला. म्हणून नातीचं लग्न निघालं तेव्हा काकांचा मुलगा म्हणाला, हिंगोलीत कार्यालय धरू, गावात पंगतीला माणसं कुठून आणायची? काका असे भडकले की विचारू नका. लग्न दारातच होणार, गावजेवण चूलबंदच होणार! मुलगा नमला खरा, पण पंगती रिकाम्या राहिल्या असत्या तर व्याह्यांसमोर काकांची पार शोभा झाली असती.

काका टोपी चढवून, अक्षता घेऊन निघाले. उघडी घरं लवकरच संपली. मग कुलपं सुरू झाली. प्रत्येक कुलपावर अक्षता टाकायच्या आणि खणखणीत आवाजात सांगायचं, "चूलबंद आवतण हाय बरं का, लेकराबाळांसकट या." एका कुलपाला तर मागच्या लग्नाला न आल्याबद्दल झापलंसुद्धा. मी शरमून म्हटलं, काका, फोन करू की.

"फोनवर आवतण असतंय व्हय? ते उंबऱ्यावर द्यावं लागतंय."

मग माझ्या घराशी आलो; मी नांदेडला गेल्यापासून तेही बंदच. मी शेजारीच उभा होतो, तरी माझ्याकडं ढुंकूनही न बघता त्यांनी कुलपालाच सांगितलं.

शेजारच्या सुनेनं हे सगळं मोबाईलवर टिपून बाहेरगावी गेलेल्यांना धाडून दिलं, आणि काय सांगू, गाव आलं! पुण्याचे आले, हैदराबादचे आले. पंगतीवर पंगती उठत होत्या. व्याह्यांनी विचारलं, गाव केवढं आहे हो तुमचं? काका म्हणाले, हे काय, समोर बसलंय. त्या क्षणी मला त्या माणसाचा पुतण्या असल्याचा जो अभिमान वाटला, तो आजवर कशाचाच वाटलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर काका पुन्हा माळवदावर. मी धावतच वर गेलो. म्हटलं, आज कुणाला आवतण नाही, लोकांना चहा तरी करू द्या. बंद घरांतले गॅस केव्हाच शहरात गेलेले, त्यामुळं रात्री मुक्कामाला राहिलेल्यांनी जुन्या चुली पेटवल्या होत्या. जिकडं बघावं तिकडं धूर.

"इझवायला न्हाई आलो रे," काका हळूच म्हणाले. "बघून राहिलो." दुपारच्या गाडीनं सगळे परत जाणार, हे त्यांनाही ठाऊक होतं. थोड्या वेळानं त्यांनी माझ्या घराकडं बोट केलं. मी त्यांच्याकडंच झोपलो होतो.

"तुझ्या घरचा काहून दिसंना?"

मी खाली उतरलो, कुलूप काढलं आणि परसात काटक्या शोधू लागलो.